मुआंग थेंगचा रस्ता आणि मध्येच उतरलेले सासरे

मुक्काम नोंग तान, फेचबुरी
मे महिना, दुपारचे दोन, पंखा दोन नंबरवर

प्रिय पयोमला थोरल्या दादाचा तोंडभर आशीर्वाद.

जेवलीस का? तुमच्याकडे आत्ता सकाळ असणार, म्हणजे जेवली नसशील, पण विचारल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. बेंग्टरावांची कंबर कशी आहे? स्वीडनमधला बर्फ वितळला की ती सुधारते असं तू लिहिलं होतंस, तेव्हा आता ते वाकून बुटाचे बंद बांधत असतील असं समजतो. इकडे सगळे ठीक. माझे गुडघे जिना चढताना बोलतात, उतरताना गप्प असतात. लमाय वहिनीची तब्येत उत्तम, आवाज तर त्याहून उत्तम (मध्ये चाळीस दिवस तो बंद होता, त्याचीच ही हकीकत). चिंच मिळाली का? डब्याला बाहेरून प्लास्टिक गुंडाळलं होतं, तरी मुंग्या स्वीडनपर्यंत गेल्या असतील तर त्यांना परत पाठवू नकोस, त्यांचंही नशीब निघू दे.

तुझ्या पत्रातला प्रश्न मी तीन दुपारी उशाशी घेऊन झोपलो. बेंग्टरावांच्या नातीला, एब्बाला, शाळेत लिहून न्यायचंय की थाई लोक मूळचे कुठले आणि जगात कुठे कुठे पसरले. आणि तू लिहितेस, दादाला विचारते, दादाला सगळं माहीत. पयोम, दादा चार इयत्ता शिकला. बाकीचं सगळं त्याने ट्रकमध्ये ताडगूळ भरून होईपर्यंत, खोक्यांवर चिकटलेले जुने पेपर वाचून मिळवलं. तरी सांगतो. आपल्या गुरुजींनी फळ्यावर एक डोंगर काढला होता, आठवतो? म्हणाले, हा आल्ताय, इथून आपण खाली आलो. मी वर्षभर त्या डोंगराच्या विचाराने उन्हाळ्यातसुद्धा कुडकुडत होतो. पुढच्या वर्षी नवं पुस्तक आलं, त्यात आपण चीनच्या दक्षिणेकडून आलो होतो. मग मी मिशा फुटून ट्रकवर लागलो आणि एका पेपरात वाचलं की आता विद्वानांचं म्हणणं, आपण फारसे कुठून आलोच नाही, पहिल्यापासून इथलेच. (म्हणजे इतके डोंगर उतरलो, इतक्या नद्या ओलांडल्या, आणि बघतो तर घरीच.) विहारातले भन्ते सांगतात, हिंदुस्थानात आसामच्या बाजूला काही गावं आहेत, तिथल्या म्हाताऱ्या भाताला अजून आपल्यासारखंच खाव म्हणतात. शान आहेत, लाव आहेत, चीनमध्ये आहेत. शिवाय आपल्या ईशान्येची, ईसानची माणसं दर उन्हाळ्यात तुमच्या जंगलात बेरी वेचायला येतात, आमची लेक सूनी तैवानात कारखान्यात आहे, आणि अमेरिकेत तर म्हणे आपली आख्खी पेठ आहे. एब्बाला म्हणावं, नकाशावर बोट ठेव आणि ओरड, जेवलात का. कोणी ना कोणी ओ देईल.

पण आपण सोंग लोक, काळ्या कपड्यांचे, आपली गोष्ट वेगळी. आपल्याला पुस्तक लागत नाही. दोनशे वर्षांपूर्वी राजाच्या सैन्याने आपल्या पणज्या-खापरपणज्यांना मुआंग थेंगहून उचलून आणलं (तो मुलूख आता व्हिएतनाममध्ये गेला, आपल्याला कोणी विचारलं नाही) आणि फेचबुरीच्या ताडांमध्ये बसवलं. त्यांना वाटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. दर कोरड्या मोसमात म्हातारे बोचकी बांधून उत्तरेला निघत. पाऊस आला की असतील तिथे थांबून भात लावत. भात कापेपर्यंत कोणी मरे, कोणी जन्मे, कोणाचं लग्न ठरे, आणि निघायचं राहून जाई. राचबुरीत आपले, नाखोन पथोमला आपले, सुफानला आपले, ते सगळे असेच. लोक कमवायला पसरतात, लढायला पसरतात. आपले घरी जाता जाता पसरले. जिवंतपणी कोणी पोचलं नाही, म्हणून मेल्यावर जायचं ठरलं. आत्म्याला वाट सांगायची, गाव न् गाव, ओढा न् ओढा, फेचबुरीच्या उंबऱ्यापासून मुआंग थेंगच्या उंबऱ्यापर्यंत. आणि ती सांगायची कोणी, तर घरच्या जावयाने.

इथे माझा प्रवेश होतो.

आमचे सासरे फेंगबाबा फेब्रुवारीत गेले, हे मी फोनवर सांगितलंच. एक्याण्णव वर्षांचे, दात सगळे शाबूत, सकाळी भाताची पेज मागून घेतली आणि ती येईपर्यंत गेले. सासूबाई आधीच गेल्या होत्या, बारा वर्षांपूर्वी. त्यांना वाट सांगितली माझे थोरले साडू सूक यांनी. काय माणूस! ते सांगू लागले की अंगणातली कुत्रीसुद्धा उत्तरेकडे तोंड करून बसत. तेही परवाच्या पावसाळ्यात गेले, आणि जाताना ती विद्या माझ्या गळ्यात टाकून गेले. मी ती वहीत उतरवली होती, दोनशे सात नावं. पण वहीत बघून सांगायचं नसतं. सूकभाऊ म्हणायचे, वाचून दाखवलंस तर मेलेल्याला वाटेल, ह्यालाच ठाऊक नाही, मी कशाला जाऊ. म्हणून मी दोन महिने म्हशींमागे चालत पाठ केलं. म्हशींना सगळं येतं आता.

त्या दिवशी ऊन फार. फेंगबाबांना लांब काळा अंगरखा घातलेला, नक्षीची बाजू बाहेर काढून, जशी फक्त त्या दिवशी काढतात. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. बाबा, उठा, उंबरा ओलांडा, विहीर उजवीकडे ठेवा. पहिली सतरा नावं अशी गेली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. अठराव्याला, वडाखाली विसावा घ्या, असं म्हणायचं होतं, तेवढ्यात कोपऱ्यावर कोणाच्या तरी ट्रकने गिअर बदलला. पयोम, तो आवाज मी एकतीस वर्षं ऐकलाय. जीभ आपोआप वळली. मी फेंगबाबांना मोठ्या हमरस्त्यावर घातलं. साराबुरीला उजवीकडून वर चढा, म्हटलं. कोराटच्या अलीकडे चढ आहे तिथे घाई करू नका. अमुक पंपावर तोंड धुवा, समोरच्या टपरीवर बदकाच्या शेवया चांगल्या मिळतात. खोन केन. उदोन. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे जमलेली मंडळी माना डोलावत होती, कारण सूकभाऊंची जुनी वाट कोणाला कळत नसे आणि ही सगळ्यांनी बसमधून पाहिलेली. मलाही काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट इतकं सुरळीत चाललं होतं की मधूनमधून खिडकीतून वारा लागल्यासारखं होत होतं. शेवटी नोंग खाय आलं, पलीकडे मेखोंग नदी, तिच्यावर पूल. माझा ट्रक एकतीस वर्षांत कधी पुलापलीकडे गेला नाही. अलीकडेच माल उतरवून मी परत फिरायचो. तेव्हा मी म्हणालो, बाबा, आलं, उतरा. आणि वाकून नमस्कार केला. सगळ्यांनी केला. मग जेवणं झाली.

तिसऱ्या दुपारी लमाय चटईवर जरा पडली आणि उठली ती पांढरीफटक. तिला बाबा दिसले. नदीकाठच्या एका बाकावर, अंगावर तोच नक्षीचा अंगरखा, मांडीवर सुपारीची पिशवी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असे बघतायत जसे नवख्या गावात बघतात. मी म्हटलं, स्वप्न आहे, चिंच जास्त खाल्लीस. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बुनमीलाही तेच दिसलं, तोच बाक. बाबांनी तिला विचारलं, पोरी, पुढे कुठे? तिने हात केला उजवीकडे. त्यानंतर अख्खं गाव दुपारी झोपायला लागलं. सरपंचांच्या बायकोने त्यांना परत पाठवलं म्हणे, शेवयावालीने सरळ जा सांगितलं, एकाने तर बसचा नंबर दिला. आपल्या लोकांचा स्वभाव तुला माहीत आहे, वाट ठाऊक नसली तरी विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. दहाव्या दिवशी लमायच्या स्वप्नात तिची आई आली. तीही बसलेली, पण दुसरीकडे, उंच जोत्याच्या घरात, दारात दिवा, पानात वाढलेला भात, आणि एवढंच म्हणाली, तुझे बाबा अजून आले नाहीत.

मग लमायने माझी उलटतपासणी घेतली. मी वही काढली, नावं मोजत गेलो आणि अठराव्याला थांबलो. तेवढ्यात तिला सगळं कळलं.

"माझ्या बापाला तू ट्रक थांब्यावर सोडून आलास," ती म्हणाली. त्यानंतर बोलणं बंद. म्हणजे बोलायची, पण कोंबडीशी. कोंबडे, त्याला सांग भात झाला. कोंबडे, त्याला सांग, माणसं म्हशी हाकतात तेवढं तरी नीट सासऱ्याला न्यावं. कोंबडी बिचारी माझ्याकडे बघायची. तैवानातून सूनीचा फोन आला की वहिनी तिला सांगायची आणि सूनी मला, म्हणजे दोन हात अंतरावरचं बोलणं समुद्र ओलांडून यायचं. पण खरं सांगू का, टोमण्यांनी मला काही झालं नाही. एकतीस वर्षं मी वजनकाट्यावरच्या माणसांचे ऐकलेत. मला छळलं त्या भाताने. म्हातारी बारा वर्षं थांबलेली, तिने ताट वाढलंय, आणि तो येत नाही तो माझ्यामुळे. मी डोळे मिटायला घाबरू लागलो, कारण मलाही बाक दिसेल. आणि दिसायचा. मात्र माझ्याकडे बाबा वाट विचारत नसत. नुसते सरकून जागा करून देत.

शेवटी मी पलीकडच्या वस्तीवर चुआनआजींकडे गेलो. वय अठ्ठ्याऐंशी, काडीएवढ्या बारीक, पण गेल्या सत्तर वर्षांतली एकही मयत त्यांनी सोडलेली नाही. बायका वाट सांगत नाहीत, पण ऐकतात सगळ्या. मी पायाशी बसून सांगितलं. आजी बराच वेळ हसल्या (दात नसल्यामुळे त्यांचं हसणं फार खोल जातं) आणि मग म्हणाल्या, निघालेल्याला घरी परत बोलावता येत नाही, सवेंग. जिथे सोडलंस तिथे जा आणि तिथून उचल. मी म्हटलं, तुम्ही दुसरा कोणी जावई पाठवा. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते पुढे लिहितो, आत्ता नाही.

मी आणि लमाय बसने निघालो. लमायच्या मांडीवर बाबांचा जुना सदरा, केळीच्या पानात चिकटभात, उकडलेली कोंबडी (ती नव्हे, दुसरी). खिडकीशी ती, शेजारी मी, मध्ये कोणी नाही, तरी कोणी तरी असल्यासारखी जागा. साराबुरी गेलं, कोराटचा चढ गेला. रस्ता मी इतक्या वेळा पाहिलाय, पण चाक हातात नसताना तो पहिल्यांदाच पाहिला. किती हळू जातात गं ती शेतं. प्रत्येक गावाशी कोणी उतरत होतं, कोणी चढत होतं, आणि मला अर्धवट झोपेत वाटायला लागलं की आपले सगळे म्हातारे याच बसमध्ये आहेत, बोचकी घेऊन, आणि प्रत्येक थांब्यावर एकेक जण म्हणतोय, जरा भात लावून येतो.

नोंग खायला पोचलो ती सकाळ होती, नदीवर धूर असतो ना तसं पांढरं. आणि पयोम, बाक होता. तसाच. मी हा बाक आयुष्यात पाहिला नव्हता, मी नेहमी गोदामाच्या बाजूला असायचो. लमायने त्यावर सदरा ठेवला, घडी नीट केली, शेजारी भात ठेवला. पाण्यापलीकडे लावचा काठ, तिथेही बाया भाजी धूत होत्या, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं इतकं ते शांत. मी उभा राहिलो, नदीकडे तोंड केलं आणि सुरू केलं. बाबा, उठा. चूक माझी आहे. होडीवाल्याला हाक मारा, ही सुपारी त्याला द्या. मग पाणी. मग वाळू. मग बांबूचं रान, तिथे आवाज झाला तर मागे बघू नका.

ऐंशी नावं गेली. आणि मग पुढचं नाव आठवेना. म्हशी नव्हत्या ना पुढे! मी थांबलो. लमायने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, भीती होती. तिचा बाप नदी ओलांडून परक्या मुलखात मध्येच उभा होता. मी पुन्हा मागून धरलं, पुन्हा तिथेच अडकलो. शेजारच्या दुसऱ्या बाकावर एक म्हातारा बसला होता, पलीकडून सकाळच्या होडीने कापड विकायला आलेला, अंगात काळा सदरा, चांदीच्या गुंड्या. मी त्याला पाहिलाच नव्हता. तो गाठोड्याची गाठ सोडता सोडता, मान वर न करता म्हणाला, "मग दोन ओढे एकत्र होतात. पाणी काळं दिसतं तो धरायचा."

तेच होतं. सूकभाऊंच्याच शब्दांत. मी त्याला विचारलं, तुम्ही कुठले? तर तो म्हणाला, आधी त्यांना पोचव, मग गप्पा मारू. मग आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. मी अडलो की तो, तो खोकला की मी. काही गावांची नावं त्याच्याकडे जरा वेगळी होती, तिथे आम्ही दोन्ही सांगितली, बाबांना जे ओळखीचं वाटेल ते घेतील. आजूबाजूला दोन बाया थांबल्या, एक रिक्षावाला थांबला. शेवटचं नाव घेतलं तेव्हा ऊन बाकावर आलं होतं. म्हातारा म्हणाला, त्याच्या बापाला त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने हीच वाट सांगितली, लावच्या बाजूने. मग त्याने आमच्यातला भात खाल्ला, लमायला एक काळी ओढणी आग्रहाने दिली, आणि मी नाव विचारायच्या आत होडीकडे गेला.

परतीच्या बसमध्ये लमायला झोप लागली. उदोन ते खोन केन ती झोपेत ओठ हलवत होती. उठली आणि ओढणीची घडी केली. मग म्हणाली, पोचले. आई बोलली त्यांना, भात गार झाला म्हणून. मी विचारलं, आणि माझ्याबद्दल? ती म्हणाली, बाबा म्हणाले, जावयाचा रस्ता लांबचा, पण शेवया चांगल्या होत्या. आणि मग चाळीस दिवसांत पहिल्यांदा, कोंबडीला मध्ये न घालता, थेट माझ्याकडे बघून ती म्हणाली, "सवेंग, तो पडदा ओढ, ऊन लागतंय."

तर असं सगळं आहे. मी खुशाल आहे. बेंग्टरावांना नमस्कार, एब्बाला गोड पापा.

तुझा दादा,
सवेंग

ता.क. एब्बाला एवढं सगळं लिहायला लावू नकोस, तिचा हात दुखेल. तिने आल्ताय लिहिलं तरी मार्क मिळतील, आम्हाला मिळाले होते.

ता.क. २. चुआनआजींचं राहिलं. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं की फेंगबाबांच्या घराला आता मी सोडून जावई नाही, ते ठीक. पण आपल्या बाबांच्या घराला किती जावई आहेत? आपल्या घरातली एकुलती लेक तू. सूनी अडतीसची झाली आणि लग्नाचं नाव काढत नाही. तेव्हा माझी पाळी येईल तेव्हा मला वाट सांगायचा हक्क आणि काम जगात एकाच माणसाचं आहे, आणि तो तुझ्या शेजारी बसून कॉफी पीत असणार. पत्राबरोबर वहीची नक्कल आहे, दोनशे सात नावं. सूनीने फोनवर माझा आवाजही भरून घेतलाय, ती तुला पाठवेल. बेंग्टरावांनी आठवड्याला दहा पाठ केली तरी पाच महिन्यांत होतील. उच्चार कसेही असोत, आजी म्हणाल्या, आत्म्याला सूर कळतो. बेंग्टरावांनी आयुष्यभर पोस्टात पत्रं पोचवली, तेव्हा हे काम त्यांना परकं नाही. दहा झाली की मला फोनवर म्हणून दाखवायची. मी हसणार नाही. लमाय हसेल.

ता.क. ३. मला काही झालेलं नाही, डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं. (लमायला डॉक्टरांचं बोलू नकोस.)

ता.क. ४. नियम असा की बाई नवऱ्याच्या पितरांकडे जाते. बेंग्टरावांना विचार, त्यांचे पितर कुठे असतात आणि तिथे उकाडा असतो का. त्यांनाही नक्की ठाऊक नसेल तर तुमच्या दारापासून विमानतळापर्यंतची वाट लिहून पाठव, चालत जायची. पुढचं मी जोडून ठेवतो. दोघेही या, घर मोठं आहे.

ता.क. ५. बेंग्टराव नाही म्हणाले तर मला राग येणार नाही, खरंच. मग तिकडे सूनीसाठी एखादा बघ. वय, उंची, केस, काही अट नाही. पाठांतर मात्र चांगलं हवं.